बॅग हलकी हवी, पण आधी आत काय आहे ते बघा : चालत गोल्फ खेळणाऱ्यांसाठी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून एका जागी आणले आहेत. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.)



नाशिकमध्ये कुणी म्हणालं, ‘मी रोज सकाळी गोल्फ क्लबवर जाते’, तर तिच्या हातात गोल्फची काठी असेल असं कुणालाच वाटत नाही. पायात बूट, डोक्याला रुमाल, आणि ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या. त्र्यंबक रोडच्या त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, तिथे रणजीचे सामने होतात, पण गावाच्या तोंडी अजून गोल्फ क्लबच आहे. साहेबाच्या काळातला खेळ गेला, नाव राहिलं. आणि गंमत बघा, गोल्फमधली जी सगळ्यात चांगली गोष्ट, म्हणजे सकाळी हिरवळीच्या कडेने भरपूर चालणं, ती नाशिककर तिथे काठी-चेंडूशिवाय रोज करतातच.

आजचा विषय या दोन्हींना जोडणारा आहे. गोल्फ खेळायचा, पण गाडीत बसून नाही. चालत. आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर. मग बॅग कोणती घ्यायची?

मागच्या दोन महिन्यांत हा प्रश्न तीन-चार ऐकणाऱ्यांनी विचारला. कुणी देवळालीच्या छावणीत वाढलेलं आहे, कुणी पुण्याला येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर खेळतं, एक जण शनिवारी खारघरला सिडकोच्या व्हॅली कोर्सवर जातात. प्रश्न सगळ्यांचा एकच: ‘सगळ्यात हलकी बॅग कोणती?’ माझं उत्तर जरा उलटं आहे. बॅग हलकी घेणं हे शेवटचं काम. त्याआधी दोन कामं आहेत, त्यातल्या पहिल्याला एक रुपया लागत नाही. हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही, खांदा दुखवून घेऊन आलंय. म्हणून आधी तो किस्सा.

मी गोल्फ शिकले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. ओळखीतल्या एकांनी त्यांची जुनी बॅग दिली, जवळजवळ फुकटात. दिसायला रुबाबदार. वरच्या तोंडाला चौदा खण, बाजूला नऊ कप्पे, जाड चामड्यासारखं कापड. मला वाटलं, लॉटरी लागली. ती बॅग मुळात गोल्फच्या गाडीवर बांधायची होती, खांद्यावर घ्यायची नव्हे, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला पाय नव्हते. पट्टा एकच, तोही बॅग गाडीतून डिकीत टाकण्यापुरता. मी ती उजव्या खांद्यावर टाकून सहा-सात महिने नऊ-नऊ होल चालले. मग एके दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर जाईना.

फिजिओथेरपीला गेले. तिथल्या बाईंनी आधी माझा खांदा बघितलाच नाही. म्हणाल्या, ‘बॅग घेऊन या.’ दुसऱ्या दिवशी नेली. त्यांनी ती उचलून बघितली आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पण खरा टोला बसला तो नंतर. डॉक्टरांनी ओझं बंद केलं म्हणून मी एकदा कॅडी घेतला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मामांनी बॅग एका हाताने उचलायचा प्रयत्न केला, थांबले, दोन्ही हात लावले आणि म्हणाले, ‘मॅडम, कांदे भरलेत का यात?’ मी हसले. तेही हसले. पण मग तीच बॅग त्यांनी साडेतीन तास वाहिली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाने. त्या दिवशी माझं खेळात काही लक्ष लागलं नाही.

घरी आल्यावर मी बॅग रिकामी केली आणि एकेक वस्तू वजनाला लावली. स्वयंपाकघरातला काटा आणि रद्दीवाले वापरतात तसला ताणकाटा, दोन्ही वापरले. जे आकडे आले ते सांगते, कारण सगळं प्रकरण त्यात आहे.

काठ्या, म्हणजे आपले क्लब, १४ होते. नियमाने जास्तीत जास्त तेवढेच नेता येतात. एकेकटा क्लब हातात घेतला तर काहीच वाटत नाही. ड्रायव्हर सगळ्यात लांब, पण वजनाला हलका, साधारण ३१० ग्रॅम. लोखंडी दांड्याचं आयर्न सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. वेज साडेचारशेच्या पुढे. आणि सगळ्यात आखूड जो पटर, तो सगळ्यात जड, ५४० ग्रॅम. सगळे मिळून ५.८ किलो. रिकामी बॅग ३.२ किलो. चेंडू दीड डझन. नियमाने एक चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसतो, म्हणजे १८ चेंडूंचे ८०० ग्रॅम. पाण्याची बाटली दीड लिटरची, दीड किलो. छत्री ६०० ग्रॅम, रेनकोट ६०० ग्रॅम, आणि तो महिना फेब्रुवारीचा होता, हे लक्षात घ्या. उरलं सुरलं सामान दीड किलो: तीन हातमोजे, त्यातले दोन फाटके, क्लबच्या डोक्यावरची लोकरी टोपडी, मूठभर टी, जुनी स्कोअरकार्डं, सनस्क्रीनच्या दोन बाटल्या, किल्ल्या, पर्स, एक पॉवरबँक, आणि एक न उघडलेला चिवड्याचा पुडा, दिवाळीचा.

एकूण १४ किलो. माझं वजन तेव्हा ५८. म्हणजे माझ्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा.

शाळेच्या दप्तराचं ओझं हा आपल्याकडे कितीदा चर्चेत आलेला विषय आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली त्यावर निर्णय काढला, नंतर २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तोच निकष आला: दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. तो निकष वाढत्या वयाच्या मुलांसाठी आहे, मोठ्यांना जसाच्या तसा लागू नाही. पण मुलाचं दप्तर उचलून ‘बाई गं, केवढं हे’ म्हणणारी मी स्वतः २४ टक्के वाहत होते, तेही एका खांद्यावर.

आता पहिलं काम, फुकटातलं. बॅगेतून काय काढायचं?

सगळ्यात आधी क्लब. १४ ही वरची मर्यादा आहे, खालची मर्यादा नाहीच. ही मर्यादा आली १९३८ साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये. त्याआधी वाटेल तेवढे न्यायची मुभा होती. लॉसन लिटल नावाचा अमेरिकन खेळाडू तीसएक क्लब घेऊन फिरायचा. वाहणारा अर्थातच दुसरा कुणीतरी. आणि त्याच अमेरिकेत १९१६ साली चिक इव्हान्सने यूएस ओपन जिंकलं ते फक्त सात क्लब घेऊन, आणि त्याचा २८६ चा स्कोअर वीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. मला हा किस्सा फार आवडतो. आपण इव्हान्स नाही, कबूल. पण म्हणूनच तर! त्याला सातात भागायचं, मग माझा पाच नंबरचा आणि सहा नंबरचा आयर्न जर एकाच अंतरावर चेंडू टाकत असेल, तर मी दोन्ही कशाला वाहू?

तुम्ही पुढच्या तीन फेऱ्यांत एक करा. जो क्लब वापरला, त्याच्यावर स्कोअरकार्डाच्या मागे एक खूण. तीन फेऱ्यांनंतर ज्याच्यापुढे शून्य किंवा एक खूण आहे तो घरी ठेवा. माझ्याकडे नऊ उरले: ड्रायव्हर, पाच नंबरचा वुड, एक हायब्रिड, सहा, सात, आठ, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. वजन ३.७५ किलो. दोन किलो तिथेच गेले. मधलं एखादं अंतर पडलं तर मोठा क्लब जरा खाली धरून अर्धा स्विंग करायचा. पहिल्या दोन फेऱ्या चुकल्यासारखं वाटतं, मग हात आपोआप शिकतो.

चेंडू सहा. ‘हरवले तर?’ सहा हरवले तर त्या दिवशी घरी जावं, हे माझं मत. पाणी पाऊण लिटर, आणि कोर्सवर भरून घ्यायचं. मात्र हे करायच्या आधी तुमच्या कोर्सवर पाणी कुठे मिळतं ते बघून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात नाशिकला पाण्यात काटकसर करायची नाही, तेव्हा दीड लिटर घ्या आणि दुसरं काहीतरी काढा. छत्री-रेनकोट जूनमध्ये बॅगेत आले की ऑक्टोबरमध्ये बाहेर. उरलेलं सामान सहाशे ग्रॅममध्ये बसवलं. चिवडा खाऊन टाकला. खवट झाला होता.

हिशेब करा: १४ किलोवरून ८.६ किलो. ५.४ किलो कमी, आणि बॅग अजून तीच जुनी. नंतर मी १.८ किलोची बॅग घेतली, तेव्हा आणखी १.४ किलो कमी झाले. म्हणजे पैसे खर्चून जेवढं वजन उतरलं, त्याच्या जवळजवळ चौपट वजन घरातल्या कपाटात ठेवून उतरलं होतं. म्हणून म्हणते, ‘सगळ्यात हलकी बॅग कोणती’ हा प्रश्न पहिला नाही.

पण बॅग बदलायला हवी होतीच. कारण नुसतं वजन हा अर्धाच भाग आहे. वजन कुठे बसतं आणि ते किती वेळा उचलावं लागतं, हा दुसरा.

उचलण्याचं आधी सांगते, कारण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ट्रेकला सॅक एकदा पाठीवर चढवली की तासभर तरी उतरत नाही. गोल्फमध्ये तसं नाही. माझ्यासारखीचा स्कोअर शंभराच्या आसपास. त्यातले पस्तीस-चाळीस फटके ग्रीनवरचे, पटरचे. म्हणजे साठ-पासष्ट फटक्यांना बॅग खाली ठेवायची, फटका मारायचा, परत उचलायची. शिवाय प्रत्येक ग्रीनच्या कडेला एकदा. एका फेरीत सत्तर-ऐंशी वेळा उचल-ठेव! आणि बॅगेला पाय नसतील तर प्रत्येक वेळी जमिनीपर्यंत वाकायचं. चालणं आठ ते दहा किलोमीटर होतं, त्याने माणूस दमतो, पण दुखतं ते या वाकण्याने.

म्हणून चालणाऱ्यांसाठी पायांची बॅग, जिला दुकानात स्टँड बॅग म्हणतात. बॅग जमिनीवर टेकवून जरा पुढे दाबली की तळ मुडपतो, आतली सळई ढकलली जाते आणि दोन पाय फाकतात. उचलली की पाय मिटतात. साधी युक्ती, पण ती बॅगेतच बसवलेली मिळू लागली १९८० च्या दशकात. त्याआधी लोक वाकतच होते. घेताना पाय दुकानातच दहा वेळा उघडून-मिटून बघा, आणि बॅगेत क्लब घालून बघा. रिकाम्या बॅगेचे पाय नेहमीच छान उघडतात. पाय पुरेसे फाकतात का, उतारावर बॅग कलंडते का, पायाच्या टोकाला रबर आहे का, पाय मिटल्यावर बांधून ठेवायला पट्टी आहे का. ही शेवटची पट्टी डिकीत बॅग टाकताना फार कामाची. ती नसेल तर डिकी बंद करताना पाय उघडतात आणि कधीतरी मोडतात.

पायांशिवाय असते ती नुसती नळीसारखी बॅग. दीड किलोच्या आत बसते, कधी किलोभरच. सहा-सात क्लब, दोन-चार चेंडू, नऊ होल, सपाट कोर्स, पाठ ठणठणीत, असं असेल तर तिच्यासारखं सुख नाही. बाकीच्यांनी स्टँड बॅगच घ्यावी. अर्धा किलो पायांचा जास्त जातो, तो वाकणं वाचवून वसूल होतो.

आता पट्टे. खरं तर बॅग निवडायची ती पट्ट्यावरून. एकाच खांद्यावर ओझं आलं की आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि कमरेतून दुसऱ्या बाजूला झुकतो. बादली घेऊन चालणाऱ्या माणसाकडे बघा, मोकळा हात कसा बाहेर फेकलेला असतो. तसंच. त्या वाकड्या स्थितीत तीन-साडेतीन तास चालायचं, आणि मध्ये मध्ये थांबून पूर्ण ताकदीने अंग पिळून फटका मारायचा. गोल्फचा स्विंग हा कमरेपासून पिळण्याचाच प्रकार आहे. आधीच एका बाजूने आवळलेली पाठ वर आणखी पिळली की काय होणार?

दुहेरी पट्ट्यात बॅग पाठीवर आडवी बसते आणि ओझं दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. पण नुसते दोन पट्टे असून भागत नाही, ते आपल्या मापाचे करावे लागतात, आणि हेच काम लोक करत नाहीत. दुकानातून जशी आली तशी वापरतात. माझ्या नव्या बॅगेचे पट्टे सहा फुटी माणसाच्या मापाचे होते, माझी उंची पाच फूट दोन इंच. पहिल्या दिवशी प्रत्येक पावलाला बॅग मागे आपटत होती, जणू कुणी ढकलतंय.

माप असं करा. आधी बॅगेत नेहमीचं सगळं सामान भरा, पाण्यासकट. दोन्ही पट्टे चढवा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. बॅग कंबरेच्या खोलगट भागात टेकली पाहिजे, नितंबांच्या वर. क्लबांच्या डोक्यांची बाजू किंचित वर, म्हणजे वाकल्यावर क्लब सरकून बाहेर पडत नाहीत. बॅग मागे आपटत असेल तर पट्टे सैल आहेत. मानेच्या मुळाशी रुतत असेल किंवा काखेत कापत असेल तर फार आवळलेत. मग अंगणात, गच्चीवर, निदान जिन्यावर दहा मिनिटं चाला. दोन मिनिटांत काही कळत नाही. मी तर माझी नवी बॅग घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढले होते. येणारेजाणारे विचारत होते, ‘ताई, वर सामना आहे का?’ पण दहा मिनिटांत कळलं की डावा पट्टा बोटभर आवळायला हवा.

पट्ट्याची गादी जाडीपेक्षा रुंदीला बघा. जाड पण अरुंद गादी दाबली जाऊन दोरीसारखी रुतते. बॅगेच्या ज्या बाजूने पाठ लागते तिथेही गादी असते, ती जाळीदार हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात आठ वाजताच पाठ ओली होते, आणि गुळगुळीत रेक्झिनची गादी पाठीला चिकटते.

स्त्रियांसाठी एक वेगळी गोष्ट. ‘लेडीज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगा पुष्कळदा फक्त रंगाने लेडीज असतात. रंगावर जाऊ नका. पट्टा किती आखूड होतो ते बघा, आणि बॅगेची उंची बघा. काही मॉडेलं जरा बुटकी असतात, बुटक्या माणसाला ती सोयीची, मग ती गुलाबी असो वा काळी.

खण आणि कप्पे यांच्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, पण मी थोडक्यात आटोपते. वरचे खण चार किंवा पाच पुरे. चौदा खणांनी वजन वाढतं. मात्र आतले पडदे तळापर्यंत गेलेले असले तर बरं, नाहीतर दांड्यांच्या मुठी खाली एकमेकींत अडकतात आणि एक क्लब ओढला की तीन येतात. कप्पे पाच-सहा. लक्षात ठेवा, कप्पा रिकामा राहत नाही. जेवढे कप्पे, तेवढे दिवाळीचे पुडे.

लेबलावरचं वजन वाचताना दोन गोष्टी. परदेशी बॅगांवर वजन पौंडात असतं, साडेचार पौंड म्हणजे दोन किलो. आणि ते पट्टे व पावसाची टोपी धरून आहे का, ते विचारा. शक्य असेल तर ताणकाटा घेऊनच जा. दुकानदार हसेल, हसू दे. दोन किलोच्या आतबाहेरची स्टँड बॅग बहुतेकांना ठीक पडते. दीड किलोच्या खालची घेताना कापड आणि पाय नीट बघा. वजन कुठून तरी कमी केलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते गादीतून नाहीतर पायांच्या जाडीतून.

पावसाळ्याचं काय? पूर्ण जलरोधक बॅग, शिवणी बंद केलेली, थोडी जड आणि बरीच महाग असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असा सलग पाऊस. त्या चार महिन्यांत नियमाने खेळणार असाल तरच ती घ्या. नाहीतर साधी बॅग, वर टोपी, आणि मोबाइल-पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत. घरी आल्यावर मात्र सगळे कप्पे उघडून, क्लब काढून, बॅग पंख्याखाली उलटी ठेवायची. एकदा बुरशीचा वास धरला की तो जात नाही. आणि पायांच्या सांध्यातली काळी माती ओली असतानाच पुसा. वाळली की सिमेंट होते, द्राक्षबागेत बूट घालून गेलेल्या कुणालाही विचारा.

आता ट्रॉली, म्हणजे ढकलायची तीनचाकी. ‘ट्रॉली वापरली तर चालण्याचा व्यायाम कमी होतो का?’ असा एक प्रश्न आला होता. अमेरिकेत डेन्व्हरला नील वोल्कोडॉफ यांनी यावर एक प्रयोग केला होता. मोजक्याच खेळाडूंवरचा, पण आकडे बोलके आहेत. नऊ होलमध्ये बॅग खांद्यावर घेऊन ७२१ कॅलरी, ट्रॉली ढकलत ७१८, कॅडीबरोबर नुसतं चालत ६१३, आणि गाडीत बसून ४११. म्हणजे खांद्यावर आणि ट्रॉलीत तीन कॅलरींचा फरक! शिवाय सगळ्यात चांगले स्कोअर ट्रॉलीवाल्यांचे आले आणि सगळ्यात वाईट बॅग वाहणाऱ्यांचे. तेव्हा मणक्याचा, खांद्याचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि खुशाल ट्रॉली घ्या, त्यात कमीपणा नाही. अडचण इतकीच की चढउताराच्या कोर्सवर, पुण्याजवळ लवळ्याच्या डोंगरात आहे तसल्या, ट्रॉली चढाला जड जाते आणि उताराला पळते. आणि पावसात चिखल चाकांना बसतो. ट्रॉलीसाठी घेणार असाल तर पायांची बॅग नको, पाय ट्रॉलीच्या पट्ट्यांत अडकतात.

शेवटी कॅडीचा मुद्दा, जो मला मघापासून बोलायचाय.

आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, ‘मला काय, बॅग कॅडी उचलतो.’ आणि म्हणून सगळ्यात मोठी बॅग घेतात, टीव्हीवर व्यावसायिक खेळाडूंची दिसते तशी. ती बॅग भरली की १८-२० किलोपर्यंत जाते. नाशिकच्या माणसाला हे वजन चांगलं माहीत आहे. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव निघतो तो २० किलोच्या कॅरेटवर. म्हणजे एक भरलेलं कॅरेट एका खांद्यावर, दहा किलोमीटर. व्यावसायिकाच्या बॅगेवर जाहिरातदाराचं नाव असतं, म्हणून ती मोठी. आपल्या बॅगेवर कुणाचं नाव आहे?

बॅग वाहणं हे हलकं काम नाही, कुठल्याच अर्थाने. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा ऑगस्टच्या उकाड्यात चार दिवस तिची बॅग तिच्या आईने, माहेश्वरीताईंनी वाहिली होती. त्याच ऑलिंपिकला आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला. आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, अली शेर, हा स्वतः दिल्लीत कॅडीचं काम करून वर आलेला. हे काम करणाऱ्याला खेळ कळतो, गवत कळतं, वारा कळतो. त्याचा खांदाही तुमच्या-माझ्यासारखाच असतो.

तेव्हा कॅडी घेणार असाल तरी बॅग दुहेरी पट्ट्याची घ्या, आणि निघायच्या आधी त्यांना पट्टे त्यांच्या मापाचे करून घ्यायला सांगा. पट्टे तुमच्या उंचीचे असतात, त्यांच्या नव्हे. एक मिनिट लागतं. कुणी सांगत नाही म्हणून ते करत नाहीत.

नवी बॅग घेतल्यावर मी पुन्हा मामांबरोबर खेळले. त्यांनी दोन बोटांवर उचलली आणि विचारलं, ‘बाकीचं गाडीत राहिलं का, मॅडम?’ नाही म्हटलं, एवढंच. अकराव्या होलवर मला साठएक मीटरचा फटका होता आणि मी नेमका नऊ नंबर मागितला. मामा म्हणाले, ‘तो तुम्ही घरी ठेवलाय. हा घ्या आठ, खाली धरा.’ चेंडू ग्रीनच्या पलीकडे गेला, पण तो दोष आठ नंबरचा नव्हता.

दोन छोटे प्रश्न उरलेत. एका बाबांनी विचारलंय, मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला कोणती? मुलांची बॅग क्लबांच्या लांबीवर ठरते, आणि क्लब उंचीवर. पाच क्लब पुष्कळ झाले. एक-दोन वर्षांत सगळंच आखूड पडतं, म्हणून शक्यतो कुणाची तरी वापरलेली बघा. आणि इथे मात्र दप्तराचा १० टक्क्यांचा निकष कडक पाळा.

दुसरा प्रश्न, जुन्या बॅगेचं काय करू? माझी माळ्यावर आहे. तिच्यात सध्या पतंगाचे मांजे आणि झुंबराचे सुटे भाग आहेत. कुणाला गाडीवर बांधायला हवी असेल तर कळवा, पण ट्रॉली घेऊन या, खांद्यावर नेऊ नका.

पुढच्या वेळी बूट. काळ्या मातीत चालणारे आणि न चालणारे. तोवर भेटूच.